कारागीरच पीएफ नको म्हणतात तेव्हा काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. साकीनाक्याला वडिलांनी सुरू केलेला बॅगा शिवायचा गाळा आता तुम्ही चालवता. कारागीर, कटिंग मास्टर, हेल्पर धरून २२ माणसं आहेत. एका मोठ्या कंपनीची ऑर्डर मिळते आहे, पण कंपनीला दर महिन्याला पीएफ आणि ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा योजना) चलनं, म्हणजे पैसे भरल्याच्या पावत्या, हवीत. तुमची भरायची तयारी आहे, कारागीरच नको म्हणतात. ‘कापून घेऊ नका, पूर्ण रोख द्या, नाहीतर बाजूच्या गाळ्यात जातो,’ असं तिघांनी तोंडावर सांगितलं. त्यांना समजवायचं कसं, असं तुम्ही विचारलंय.

समजवायला जाण्याआधी त्यांचं ऐकून घ्या, कारण त्यांचं म्हणणं बऱ्याच अंशी खरं आहे. मी अनेक वर्षं कुर्ला, साकीनाका, धारावी, गोवंडी भागातल्या छोट्या युनिटांचं पगारपत्रक आणि पीएफ-ईएसआयचं काम करतो. त्याआधी एका कामगार संघटनेच्या ऑफिसात बसायचो. दोन्हीकडून पाहिल्यावर माझं मत पक्कं झालंय की कारागीर अडाणी आहे म्हणून पीएफ नाकारतो, हे साफ चुकीचं आहे. आज त्याच्यापाशी जी सोय आहे ती मोडायची आणि तिच्या बदल्यात मिळणारे पैसे आपल्या हाती लागतील याची खात्री नाही, म्हणून तो नाही म्हणतो. ही खात्री त्याला पहिल्या वर्षात आली तर माणूस टिकतो. नाही आली तर तुम्ही चलनं भरत राहाल, माणसं दर सहा महिन्यांनी बदलत राहतील आणि पटावरची नावं फक्त कंपनीच्या ऑडिटरला दाखवण्यापुरती उरतील.

आज तुमच्या गाळ्यात काय चालतं ते बघा. बहुतेक कारागीर नगावर काम करतात. आठवड्याला खर्ची घेतात, बाकीचा हिशोब तुमच्या वहीत साठतो. ईद, छठ किंवा गावाकडचं लग्न आलं की हिशोब होतो आणि तो एकरकमी पैसे घेऊन गाडीत बसतो. परत येताना नवीन उचल घेतो, ती पुढच्या महिन्यांत फिटते. झोपायला गाळ्याचा माळा आहे. आई आजारी पडली की रात्री फोन तुम्हालाच येतो आणि तुम्ही सकाळी पैसे पाठवता. म्हणजे तुम्ही त्याचे शेठ आहातच, शिवाय त्याची बँकही आहात, विमाही आहात आणि घरमालकही आहात. ही व्यवस्था वाईट आहे असं मी सरसकट म्हणणार नाही. ती तातडीची आहे, ओळखीची आहे आणि फॉर्म न भरता चालते. पीएफच्या नावाखाली तिच्यातला एखादा खांब काढला, तर त्या जागी दुसरा उभा करावा लागेल.

पण याच व्यवस्थेची दुसरी बाजू मी संघटनेच्या ऑफिसात पाहिली. गाळा रातोरात बंद झाला किंवा शेठशी वाजलं की कारागीर यायचे. हातात शाळेची वही. तिच्यात पेन्सिलीने तारीख, नग, कुठल्या रंगाची बॅग, चेन लावलेली की बिनचेनची, आणि पैसे मिळाले त्या ओळीपुढे बरोबरची खूण. खूण नसलेल्या ओळींची बेरीज कुणाची १४ हजार, कुणाची ४० हजार. हिशोब पैशापैशाने बरोबर असायचा. मग कामगार आयुक्तांच्या कार्यालयात गेलं की पहिला प्रश्न: नियुक्तीपत्र आहे? पगाराची पावती? बँकेत जमा झालेला एखादा पगार? काहीच नसायचं. शेठ सरळ सांगायचा, हा माणूस माझ्याकडे कामाला नव्हताच. पुढची सगळी लढाई मालक-नोकर हे नातं सिद्ध करण्यातच जायची. देशातले दर दहातले साधारण नऊ कामगार असे, कागदावर कुणाचेच नसलेले आहेत. मुंबईत हे आकडे शोधायला लांब जावं लागत नाही, तुमच्या गल्लीत उभं राहिलं की पुरे.

आता पैशांचा हिशोब, कारण खरा अडसर इथे आहे. महिना १५,००० रुपये धरू. कारागिराच्या पगारातून पीएफचे १२ टक्के म्हणजे १,८०० जातात, ईएसआयचे ०.७५ टक्के म्हणजे ११३, आणि व्यवसाय कराचे २०० (बाईमाणसाला २५,००० पर्यंत हा कर नाही). हातात पडतात १२,८८७. तुमच्याकडून पीएफचे १,८००, त्यावर ठेव-संलग्न विमा आणि प्रशासकीय खर्च मिळून १५०, आणि ईएसआयचे ३.२५ टक्के म्हणजे ४८८. एकूण २,४३८. तुम्ही एका माणसामागे १७,४३८ मोजता आणि त्याच्या हातावर १२,८८७ येतात. मधले ४,५५१ तुमच्या खिशातून गेलेले असतात आणि त्याच्या खिशात आलेले नसतात. तो वैतागणारच. गावी ठरलेली रक्कम पाठवायची असते, ती या महिन्यात २,००० ने कमी गेली तर बायकोला काय सांगायचं, हा त्याचा प्रश्न आहे. तुम्ही त्याला साठाव्या वर्षाच्या गोष्टी सांगत असता.

म्हणून साठाव्या वर्षाचं बोलूच नका. पुढच्या वर्षाचं बोला. तुमच्या १,८०० पैकी १,२५० पेन्शन योजनेत जातात, उरलेले ५५० त्याच्या पीएफ खात्यात. म्हणजे दरमहा खात्यात २,३५० पडतात. बारा महिन्यांनी त्याचे स्वतःचे २१,६०० गेलेले असतात आणि पासबुकात २८,२०० दिसतात. व्याज वेगळं. २०२४-२५ साठी ते ८.२५ टक्के होतं. हे त्याला कागदावर लिहून द्या, त्याच्या भाषेत. पेन्शनच्या १,२५० बद्दल मात्र खरं तेच सांगा. पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते, आणि ती वेगवेगळ्या मालकांकडची असली तरी एकाच यूएएनवर (नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा क्रमांक) जोडली गेली तर धरली जाते. जो माणूस दर वर्षी गाळा बदलतो त्याला दहा वर्षं जुळवायची तर पुढचा मालकही पीएफ भरणारा हवा. हे तुमच्या हातात नाही, तेव्हा वचन देऊ नका.

१५,००० च्या आकड्याबद्दल दोन गोष्टी. महाराष्ट्रात किमान वेतनातला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो, तेव्हा तुमचा आकडा त्याखाली जात नाही ना, हे दर सहा महिन्यांनी तपासा. आणि पगार १५,००० च्या वर असून माणूस आधी कधीच पीएफचा सभासद नसेल, तर त्याला घेण्याची कायद्याची सक्ती नाही. तुम्हाला कुणीतरी सल्ला देईल की सगळ्यांना कागदावर या मर्यादेच्या जरासं वर न्या, म्हणजे सुटलात. तसं करू नका. एकतर कंपनीला चलन हवंय, आणि मुख्य म्हणजे कागदावरचा पगार आणि हातातला पगार वेगळा ठेवण्याची सवय एकदा लागली की कारागिराचा तुमच्या कुठल्याच कागदावर विश्वास बसत नाही.

दुसरी एक वाट लोक सुचवतात: ११ माणसं तुमच्या नावाने, ११ बायकोच्या नावाने, म्हणजे पीएफ लागू होणारा २० माणसांचा आकडाच गाठला जात नाही. पीएफ कायद्याला हे जुनं माहीत आहे. एकच जागा, एकच माल, एकच पैसा असेल तर दोन पाट्या लावून आस्थापना दोन होत नाहीत, विभाग आणि शाखा धरून ती एकच मानली जाते. आणि तुमचा खरा आकडा २२ तरी आहे का? चाळीत बसून धागे कापणाऱ्या, हँडल पलटवणाऱ्या बायकांना तुम्ही मोजलंय का? बिडी कामगारांच्या १९८५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने घरी बसून बिड्या वळणाऱ्यांनाही पीएफच्या कक्षेत धरलं होतं. तुमच्या कामाला ते कितपत लागू होईल हे कामाच्या स्वरूपावर ठरेल, पण त्या बायका हिशोबात नाहीतच असं गृहीत धरू नका. २० वा माणूस कधी आला तेही जुन्या हजेरी वहीत शोधून ठेवा. मागची रक्कम निघाली तर कारागिराच्या वाट्याचे पैसेही तुम्हालाच भरावे लागतात, कारण मागच्या महिन्यांचं त्याच्या आजच्या पगारातून कापता येत नाही. मागचं राहिलेलं नियमित करायला सरकार मधूनमधून सवलत देतं. २०१७ मध्ये दिली होती, नोव्हेंबर २०२५ पासून पुन्हा सहा महिन्यांची दिली. अशी खिडकी उघडी असेल तेव्हा वापरा.

आता कारागिरांच्या अविश्वासाकडे येतो. तुमच्या २२ पैकी चार-पाच जणांचा पीएफ आधी कुठेतरी कापला गेलेला असणार, आणि तो त्यांना मिळालेला नसणार. त्यांनीच बाकीच्यांना सांगितलंय की हे पैसे बुडतात. त्यांना एकेकाला बोलवा आणि जुनं खातं उघडून बघा. माझ्याकडे येणाऱ्या अडकलेल्या खात्यांत कारणं बहुधा तीच ती असतात. आधारवर ‘मोहम्मद’ आणि पीएफमध्ये ‘मो.’. जन्मतारखेत वर्ष वेगळं. जुन्या मालकाने सोडल्याची तारीखच टाकली नाही, त्यामुळे खात्यात माणूस अजून तिथेच कामाला आहे. मोबाइल नंबर जुना, ओटीपी जातो भलत्याकडे. आणि आपल्या मराठी बायकांचं तर हमखास ठरलेलं: आधार माहेरच्या नावाने, बँक सासरच्या नावाने, पीएफमध्ये कंत्राटदाराच्या पोराने ऐकून लिहिलेलं तिसरंच.

घाटकोपरच्या एका बाईंचं उदाहरण देतो. एका पॅकिंग युनिटात त्यांची काही वर्षांची कपात झाली होती. लग्नाआधी नोकरी धरली तेव्हाचं नाव वडिलांचं, आधार नवऱ्याच्या नावाचं. दावा दोनदा नामंजूर झाला आणि त्यांनी नाद सोडला. जुनी पगाराची पावती त्यांनी रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये जपून ठेवली होती. ती एक पावती, विवाह प्रमाणपत्र आणि जुन्या मालकाची सही-शिक्का असलेला संयुक्त अर्ज, एवढ्यावर नाव दुरुस्त झालं आणि पैसे आले. त्यानंतर त्यांच्या वस्तीतल्या बायकांनी आपापल्या जुन्या कंपन्यांची नावं आठवायला सुरुवात केली. असं एक खातं तुम्ही तुमच्या गाळ्यात मोकळं करून दिलंत, एका माणसाचे अडकलेले पैसे त्याच्या बँकेत आले, तर तुम्हाला पुढे फार बोलावं लागणार नाही. ते काम तो माणूस करेल.

तेव्हा कपात सुरू करण्याआधीचा एक महिना कागदांवर घाला. आधार, बँक आणि पीएफ तिन्हीकडे नाव, जन्मतारीख अक्षरशः एकसारखी. यूएएन त्याच्या स्वतःच्या मोबाइलवर चालू करून द्या आणि पासवर्ड त्याच्याकडेच राहू द्या. अकाउंटंटच्या डायरीत २२ जणांचे पासवर्ड लिहिलेले मी पाहिलेत. पहिलं चलन भरलं की पासबुकात रक्कम उमटेल, ती प्रत्येकाला त्याच्या फोनवर दाखवा. उमटायला वेळ लागला तर तेही सांगा. पीएफ आणि ईएसआय दोन्हीची मुदत पुढच्या महिन्याच्या १५ तारखेची असते, ती एकदाही चुकवू नका. कंपनीचं बिल आलं नाही ही सबब कारागिराला देऊ नका, त्याने हीच आयुष्यभर ऐकलेली असते.

पीएफ आणि ईएसआय दोन्ही एकत्रच सुरू होतील, पण बोलायला सुरुवात ईएसआयपासून करा. त्याचा फायदा डोळ्यांना दिसतो. कपात ११३ ची, आणि कामाला लागल्या दिवसापासून त्याला आणि घरच्यांना प्राथमिक उपचार मिळतात. कुटुंब गावी असेल आणि तिथे ईएसआयची सोय असेल तर त्यांना तिकडे कार्ड चालतं. पात्रतेचे दिवस भरले की आजारपणात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के मिळतात, बाळंतपणाला २६ आठवडे. कामावर इजा झाली तर पात्रतेची वाट बघावी लागत नाही, पहिल्या दिवसापासून हक्क आहे आणि काम करता येत नाही तोवर पगाराच्या ९० टक्के मिळतात. मुंबईकरांना जे सर्वांत आधी सांगायला हवं आणि जे कुणीच सांगत नाही ते हे: घरून कामावर येताना किंवा परत जाताना झालेला अपघातही, कामाशी संबंध जुळत असेल तर, यात धरला जातो. तुमचे हेल्पर नालासोपारा-कळव्याहून लोकलला लटकत येत असतील, तर त्यांना या एका वाक्याची किंमत बरोबर कळते.

एका युनिटात कटिंग मास्टरची दोन बोटं बँड नाइफ मशीनवर गेली. ईएसआयची नोंदणी नुकतीच झाली होती, मास्टरनेच त्या वेळी खूप कुरकुर केली होती. शेठने त्याच संध्याकाळी अपघाताचा अहवाल ऑनलाइन भरला. पुढचे दोन-अडीच महिने मास्टरच्या खात्यात पैसे येत राहिले, हाताचं ऑपरेशन झालं, आणि नंतर कायमच्या अपंगत्वाची टक्केवारी ठरून महिन्याची ठरावीक रक्कम सुरू झाली. नोंदणी नसती तर शेठने आठ-दहा हजार हातावर ठेवून गावी पाठवलं असतं. शेठ वाईट होता म्हणून नव्हे, त्याच्याकडे तेवढेच असते. ईएसआयच्या दवाखान्यांत रांगा आहेत, औषध कधी मिळतं कधी बाहेरून आणावं लागतं, हे मी नाकारत नाही. कारागिरालाही ते आधीच सांगा. पण बोटं तुटल्यावर पगार देणारी दुसरी कुठलीही सोय त्याच्याकडे नाही.

उचल बंद करू नका. इथे बहुतेक मालक घसरतात. पीएफ सुरू झाला म्हणजे आता सगळं बँकेतून, रोख काही नाही, असं जाहीर करतात, आणि पंधरा दिवसांत निम्मा गाळा रिकामा होतो. उचल कायदेशीर आहे. ती बँकेतून द्या, रजिस्टरमध्ये लिहा, सही घ्या, व्याज लावू नका, आणि दरमहा ठरलेली रक्कम पगाराच्या पावतीवर दाखवून वळती करा. सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यावर जाता कामा नयेत, हे कायद्याचं बंधन आहे आणि ते योग्यच आहे. खर्चीही चालू ठेवता येते, महिन्याच्या पगारातला आगाऊ भाग म्हणून. नगाचा दरही ठेवा. नगावर काम करणारा कारागीर पीएफमध्ये बसत नाही हा गैरसमज आहे. महिन्याचे नग मोजा, त्याचा पगार काढा, आणि काम कमी असलेल्या महिन्यातही किमान वेतनाचा तळ सुटणार नाही याची हमी द्या. पावसाळ्यात ऑर्डर थंडावते तेव्हा ही हमी त्याला पीएफपेक्षा मोठी वाटेल. नियुक्तीपत्र तर आता द्यायलाच हवं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी ते प्रत्येक कामगाराला बंधनकारक केलंय. हिंदीत द्या, मराठीत द्या, पण त्याला वाचता येईल असं द्या, आणि मूळ प्रत त्याच्याकडे राहू द्या.

पहिल्यांदाच पीएफमध्ये येणाऱ्यांसाठी केंद्राची एक योजना चालू आहे. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळातल्या नोकऱ्यांसाठी, अटी बसल्या तर कामगाराला १५,००० पर्यंत रक्कम दोन हप्त्यांत मिळते, सहा महिने टिकल्यावर पहिला आणि बारा महिन्यांनी दुसरा. कोण बसतं ते तपासून घ्या. हातात कमी पडलेले पैसे काही अंशी यातून भरून निघतात. पण सगळा डोलारा यावर उभारू नका. कोविडनंतरच्या आत्मनिर्भर भारत रोजगार योजनेत सरकारने नव्या माणसांचे पीएफचे पैसे दोन वर्षं भरले. तेव्हा पटावर आलेली कितीतरी नावं अनुदान संपताच गळालेली मी स्वतः पाहिलीत.

पैसे आले पाहिजेत ते कंपनीकडून. २२ माणसांचा तुमचा वाटा महिन्याला ५३,६३६ होतो. कारागिराच्या हातात पडणारी घट अर्ध्यावर आणायची म्हणून पहिल्या वर्षी प्रत्येकी १,००० ने नगाचे दर वाढवलेत, तर आणखी २२,००० आणि वर थोडं. हा माझा आग्रह आहे, हे १,००० द्याच, त्याशिवाय माणसं थांबणार नाहीत. महिन्याला ६,००० बॅगा निघत असतील तर बॅगेमागे साधारण १३ रुपये. हा आकडा कंपनीच्या खरेदी विभागासमोर लिहून ठेवा. चलन मागणारी कंपनी दर मात्र जुनाच देते आणि पैसे ९० दिवसांनी सोडते, हे मी वर्षानुवर्षं बघतोय, आणि याचा मला मनापासून राग येतो. त्यांचा सगळा सामाजिक जबाबदारीचा अहवाल तुमच्या कारागिराच्या १,८०० रुपयांवर उभा असतो. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) केली नसेल तर आजच करा. सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत देणं २००६ च्या कायद्याने बंधनकारक आहे, आणि आयकराच्या बदललेल्या तरतुदीमुळे एप्रिल २०२३ नंतरच्या खर्चापासून उशीर करणाऱ्या कंपनीला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही. हे वाक्य त्यांच्या अकाउंट्स विभागाला पाठवलं की बिलं हलतात.

आता ‘बाजूच्या गाळ्यात जातो’ याबद्दल, कारण तुमच्या सगळ्या अडचणींचं मूळ तिथे आहे. पीएफ-ईएसआयची रचना एका मालकाकडे वर्षानुवर्षं टिकणाऱ्या कामगाराला डोळ्यांसमोर ठेवून झाली. गिरणगावात ती चालली, कारण तिथे गैरहजर माणसाच्या जागी लागणाऱ्या बदली कामगाराकडेही बदलीचं कार्ड होतं, त्याचं नाव कुठल्यातरी गिरणीच्या दप्तरात होतं. जानेवारी १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यानंतर गिरण्या बंद होत गेल्या. काम मुंबईतून संपलं नाही, ते भिवंडीच्या मागांवर आणि तुमच्यासारख्या गाळ्यांत विखुरलं. कायदा मात्र मोठ्या गेटच्या मापाचाच राहिला. नाक्यावरच्या बिगाऱ्याचं बघा. बांधकामावर १ टक्का उपकर गोळा होतो, बांधकाम कामगारांच्या कल्याण मंडळाकडे पैसा आहे, पण नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. रोज वेगळ्या ठेकेदाराबरोबर जाणाऱ्याला तो द्यायचा कुणी? ई-श्रम या असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवर ३० कोटींहून जास्त नावं चढली. नाव चढलं, पण मालक कोण हा रकाना मोकळाच राहिला.

याच मुंबईत याचं उत्तर एकदा शोधलं गेलंय. मस्जिद बंदरच्या बाजारात पाठीवर गोणी वाहणाऱ्या हमालाचा मालक कोण, हाच प्रश्न होता. सकाळी एका पेढीचा ट्रक, दुपारी दुसऱ्या. अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना संघटित केलं आणि १९६९ चा माथाडी कायदा आला. किराणा, कापड, लोखंड अशा बाजारांची मंडळं झाली. व्यापारीही मंडळात नोंदणी करतो आणि टोळीही. व्यापारी मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे मजुरीवरचा ठरावीक टक्के आकार, मंडळात भरतो. पगार, पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, दवाखाना हे सगळं मंडळ बघतं. हमालाने दिवसात चार पेढ्यांचं काम केलं तरी खातं एकच. १९८१ मध्ये सुरक्षा रक्षकांसाठी याच धर्तीवर कायदा झाला. आज माथाडीच्या नावाने खंडणी मागणारे निपजलेत हे खरं आहे, आणि त्यांना जेलमध्येच टाकायला हवं. पण संपूर्ण बाजार एका नियमात आणला की कुठल्याही एका पेढीला ‘मी लेव्ही भरतो म्हणून माझा माल महाग’ असं म्हणायची पाळी येत नाही, ही त्यातली मोठी शहाणीव आहे. शिलाईच्या गाळ्यांसाठी असं मंडळ आज नाही. व्हायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

तोवर तुम्ही छोट्या मापात हे करू शकता. तुमच्या गल्लीत त्याच कंपन्यांचं काम करणारे आणखी चार-सहा गाळे असतील. त्यांनाही आज ना उद्या चलन मागितलं जाणारच आहे. त्यांच्याशी बसा. नगाचे दर आणि कपातीचा पहिला महिना एकच ठरवा, कागदांसाठी एकच माणूस नेमा, त्याचा खर्च वाटून घ्या. कारागीर या सहा गाळ्यांत फिरला तरी यूएएन तोच राहील, पैसे पुढे जोडले जातील, आणि पेन्शनची दहा वर्षं जुळण्याची शक्यता पहिल्यांदाच खरी होईल. दोन मालकांना हे पटलं तरी सुरुवात होते.

त्या तिघांबद्दल. त्यांना सगळ्यांसमोर नका विचारू, एकेकट्याशी बोला. एखाद्यावर बाहेरची उधारी असेल आणि हप्ता नेमका त्या २,००० चाच असेल, तर त्याची उचल वाढवून द्या. एखाद्याला कायमचं गावी परतायचं असेल तर पीएफ काढायची पद्धत त्याला आत्ताच समजावून सांगा. आणि कुणी गेलाच, तर हिशोब दोन दिवसांत पूर्ण करा, पावती द्या, आणि त्याची सोडल्याची तारीख पीएफच्या पोर्टलवर वेळ न दवडता टाका. गल्लीतले बाकीचे कारागीर हेच बघत असतात.